मावशीचे कागद आणि आईची इस्त्री

चुरगळलेलं काही दिसलं की आमच्या आईचे हात शिवशिवायचे. इस्त्रीचं दुकान तिचं स्वतःचं, आणि घरातही पडद्यापासून हातरुमालापर्यंत कुणाची सुटका नव्हती. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, नेमकी उलट. नाटकांत कामं करायची, नाटकं लिहायची, मोर्च्यात सगळ्यांच्या पुढे असायची आणि कपडे मात्र असे, की त्यातच झोपून उठली असावी.

मावशी गेली. तिचे कागद जतन करण्यासाठी मोठ्या ग्रंथालयाने मागितले. आईने पिशव्या उघडल्या आणि कपाळाला हात लावला. संवाद, भाषणं, पत्रकं, सगळ्याचा नुसता चोळामोळा.

"परक्या लोकांसमोर अशी जाणार ही?"

आईला अडवण्याची माझी काय बिशाद! एकेका कागदावर सुती फडकं टाकून तिने कोमट इस्त्री फिरवली. तिकडे दुकानात गिऱ्हाइकं कुरकुरत होती. कागद असे सपाट झाले, की मावशीनेही ओळखले नसते.

ग्रंथालयातल्या बाईंनी खोकं उघडलं आणि वरचे दोन-तीन कागद उलटून पाहिले. मग अगदी सांभाळून म्हणाल्या, "कागद जसा असेल तसाच आम्हाला हवा असतो. माणसाने तो कुठे, कसा बाळगला, ते घड्यांवरूनही कळतं."

घरी आल्यावर आईचं ताट समोर तसंच राहिलं. "तिचं म्हणून जे काही उरलं होतं, ते मीच पुसून टाकलं गं," एवढंच धरून बसली. दुकान उघडेना. मला त्या बाईंचा राग आला, आईचाही आला. पण तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी बाईंना फोन करून चार शब्द सुनावले. त्यांनी निमूट ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आईंना घेऊन याल का? घड्या कशा होत्या ते त्यांच्याकडूनच समजून घेते, तशी नोंद ठेवू."

आई अवघडून खुर्चीच्या कडेला बसली. बाईंनी कोरा कागद पुढे केला. आधी सवयीने तिने तो तळहाताने सारखा केला. मग उभा दुमडला, पुन्हा दुमडला, त्याची बारीक पट्टी केली आणि स्वतःच्या बाहीत सरकवली.

"भाषण असं न्यायची. दारातूनच ओरडायची, 'ताई, इस्त्री नको, उशीर होतोय!' मी म्हणायचे, 'अगं भवाने, निदान बाही तरी...'"

मावशी गेल्यापासून आई पहिल्यांदाच रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मलाही आवरत नव्हतं. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

निघताना आईने विचारलं, "हा मी नेऊ?"

"न्या की."

बाहेरच्या दारावर पहारेकरी होता. आत आलेला कागद बाहेर जाऊ नये, यासाठीच त्याची नेमणूक. त्याने पट्टी मागून घेतली, उलगडली, उलटसुलट करून पाहिली.

"आजी, यावर तर काहीच नाही."

"घड्या आहेत," आई म्हणाली, आणि कागद घेऊन तिने परत बाहीत सरकवला.