भिंतीएवढा चेहरा

ताईची नजर गेल्याचं माझ्या लक्षात आलं ते मटार सोलताना. हिवाळ्यात शहपुऱ्याकडचा मटार आमच्याकडे ढिगानं येतो. आम्ही दोघी बहिणी दुपारी अंगणात ऊन घेत सोलत बसायचो. ताईचा हात भराभर चालायचा आणि तिच्या भांड्यात कधी किडका दाणा सापडायचा नाही. त्या दिवशी तिच्या भांड्यात एक हिरवी अळी वळवळत होती, आणि ताई तिच्याच अंगावर दाणे टाकत होती.

"ताई, अळी आहे."

"कुठे?" तिनं भांड्यात पाहिलं. मग मान वाकडी करून, कोंबडी बघते तशी, एका बाजूनं पाहिलं. "अगं बाई. आता दिसली."

डॉक्टरांनी सांगितलं की नजरेच्या बरोबर मध्यावर डाग पडला आहे. कडेकडेचं दिसत राहील, पण समोर ज्याच्याकडे बघू तेच दिसणार नाही. तो डाग बराच जुना होता. ताईनं कुणाला सांगितलं नव्हतं. भाजी ती हातानं ओळखायची, माणसं आवाजावरून, आणि पेपर "आज काही खास नाही" म्हणून माझ्याकडे सरकवायची. मला वाटायचं, तिचं वाचनावरचं मन उडालं.

आमचं घर महाराजपुरात, हिंदी मुलखात. वडील वर्ध्याकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. ताईचे यजमानही कारखान्यातच होते. मी लग्न केलं नाही. केंद्र सरकारच्या ऑफिसात नोकरी केली आणि निवृत्त झाले. ताईचे यजमान गेले, मुलगा पुण्यात स्थिरावला, तेव्हा ती तिचं सामान घेऊन माझ्याकडे आली. दाराबाहेर पाऊल टाकलं की आमची हिंदी सुरू व्हायची, आत आलं की मराठी. ती मराठीही धड पुण्याची नाही आणि धड नागपूरची नाही, पण आमच्या दोघींची होती.

डॉक्टर म्हणाले होते की मोठं, जवळचं आणि ठळक असं काही असेल तर त्यांना थोडंफार दिसेल. म्हणून मी तिला शहरात टीव्हीच्या दुकानात घेऊन गेले. तिथे सगळ्या भिंतींवर एकच चित्र चालू होतं, पाण्यातून वर येणारा रंगीत मासा. ताई लहान टीव्ही एकेक करत ओलांडून पुढे गेली आणि सगळ्यात मोठ्या टीव्हीसमोर थांबली. मान वाकडी केली. नाक पडद्याला लागेल इतकी जवळ गेली.

"याचे खवले दिसून राहिले गं मला."

दुकानदार घाईनं पुढे आला. "अम्माजी, इतना पास से मत देखिए, आँखें खराब हो जाएँगी."

"अब क्या बचा है भैया खराब होने को?" ताई म्हणाली आणि स्वतःच हसली.

तो पासष्ट इंची होता. दुकानदारानं बरीच माहिती दिली, त्यातली एक गोष्ट आमच्या उपयोगाची निघाली. पडदा फोर-के असल्यामुळे अगदी जवळ बसलं तरी चित्राचे ठिपके सुटे होत नाहीत. बाकीच्या लोकांना त्याचा उपयोग काय ते मला माहीत नाही. आमच्या छोट्या हॉलमध्ये एवढा टीव्ही म्हणजे शेजारणीच्या भाषेत 'पूरा सिनेमा हॉल' होता. पण ताईची खुर्ची त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवली आणि ती बसली की चित्र तिला चारी बाजूंनी वेढायचं. मधल्या डागाच्या कडेनं तिला पुरेसं दिसायचं.

त्याचे रंग मी तिच्यासाठी भडक करून ठेवले. उजेड पूर्ण वाढवला, काळं अगदी काळं केलं. मालिकेतल्या बायकांचे चेहरे शेंदूर फासल्यासारखे लाल दिसायचे. ताई खूश. रिमोटमध्ये बोलून सांगायची सोय होती, पण ती हिंदीत. ताईला ते पटायचं नाही.

"नर्मदेची आरती लाव," ती रिमोटला मराठीत सांगायची.

टीव्ही कुठल्या तरी पाककृतीचे व्हिडिओ समोर मांडायचा.

"काहून ऐकत नाही रे तू?"

त्यावर तो 'काहून'चं 'कहानी' ऐकून कहाण्या शोधायला लागायचा. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "ताई, हिंदीत बोल त्याच्याशी!"

"माझ्या घरात राहून राहिला, मग त्यानं शिकावं."

एकदा दुपारी ताईच्या नातीच्या वाढदिवसाचे फोटो पुण्याहून माझ्या मोबाईलवर आले. मोबाईलचा पडदा टीव्हीवर दाखवता येतो हे मी नुकतंच शिकले होते. जोडणी केली, आणि फोटो उघडायला गेले तर चुकून कॅमेराच सुरू झाला. भिंतीवर एकदम एका म्हाताऱ्या बाईचं तोंड आलं. कपाळावर आठ्या, चष्मा नाकावर घसरलेला. मी स्वतःच दचकले.

ताई पुढे वाकली. "ही कोण?"

"मी आहे, ताई."

ती खुर्चीतून उठली, पडद्याजवळ गेली आणि मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवून बघत राहिली. मी तिच्या मागे मोबाईल धरून उभी होते. मला तिची पाठ दिसत होती आणि तिच्या पलीकडे माझाच चेहरा.

"केस किती पांढरे झाले गं तुझे," ती म्हणाली. "मला वाटत होतं तू अजून काळेच करून राहिलीस."

"ते सोडून किती काळ झाला."

"हे गालावर काय आहे?"

"तेल उडालं होतं. दिवाळीत."

"मला नाही सांगितलं."

"तू तिथेच बसली होतीस ताई, माझ्या शेजारी. तूच तर म्हणालीस, बर्फ लाव."

"मग भाजलं किती ते दिसलं नाही मला." पडद्याला बोट लावून ती म्हणाली, "आईसारखी दिसायला लागलीस. हनुवटी अगदी तीच."

मी मोबाईल खाली करायला गेले तर म्हणाली, "राहू दे. बघून राहिले ना मी."

एका घरात, ताटाला ताट लावून जेवणारी माझी बहीण मला कितीतरी काळात पाहू शकली नव्हती, हे त्या दिवशी कळलं. त्यानंतर पुष्कळदा दुपारचा चहा झाला की मी मोबाईल समोर टेकवून ठेवायचे आणि ताई भिंतीवरच्या माझ्याशी गप्पा मारायची. मी तिच्या शेजारीच बसलेली असायचे. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर आम्हाला वेड लागलंय म्हटलं असतं. मला मात्र आयुष्यात इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं. सुरुवातीला लाज वाटली, मग मी चहाआधी केस विंचरू लागले.

पुढच्या पावसाळ्यात ताई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, भाचा पुण्याहून धावत आला. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तो माझ्या शेजारी बसला आणि हात चोळत बोलू लागला.

"मावशी, मी आईला घेऊन जातो. तिला उचलायचं, फिरवायचं, तुझ्या एकटीच्यानं नाही होणार."

त्याचं खरं होतं. माझे स्वतःचे गुडघे जिना चढताना कुरकुरत होते. "तूही चल," तो म्हणाला, आणि तेही मनापासून म्हणाला. पण त्यांचं घर मला माहीत होतं. दोन मुलं, आतल्या खोलीत ताईचा पलंग बसेल इतकीच जागा. मी म्हटलं, "येईन मध्ये मध्ये."

ताईला ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं तेव्हा ती रडली नाही. मला म्हणाली, "दूधवाल्याला एकच पिशवी सांग आता."

ती गेल्यावर घरात मराठी बोलायला कुणी राहिलं नाही. सकाळी कामवालीशी हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, शेजारच्या दीदीशी हिंदी. संध्याकाळी लक्षात यायचं की आज आपल्या भाषेतला एक शब्दही तोंडातून निघाला नाही. मग मी भांडी लावताना स्वतःशीच मोठ्यानं बोलायचे, "चला, झालं आवरून." आणि आपलाच आवाज ऐकून गप्प व्हायचे.

टीव्ही होता. मी एकदा त्याचे रंग नीट करून पाहिले. तो चांगलाच टीव्ही होता, इतके महिने आम्ही त्याला खोटं वागायला लावलं होतं. एका माहितीपटात पहाडावर धुकं उतरत होतं आणि त्या धुक्यातला एकेक थर वेगळा दिसत होता. गवतावरचं दव दिसत होतं. आवाज चारी बाजूंनी यायचा. इतकं सुंदर दिसत असताना शेजारी "बघितलंस का" म्हणायला कुणी नाही. मी तो अर्ध्यात बंद केला.

ताईशी व्हिडिओ कॉल व्हायचा. मी तो टीव्हीवर घ्यायचे, म्हणजे ती मोठी दिसेल. पण ताईला जन्मभर फोन कानाला लावायची सवय. कॉल लागला की भिंतभर तिचा कान यायचा. सुरकुतलेली पाळी, कुडी काढल्यानंतरचं लोंबतं छिद्र, त्याच्यामागे पांढऱ्या बटा.

"ताई, फोन कानापासून दूर धर. चेहरा दिसत नाही तुझा."

"मग ऐकू कसं येईल?"

"येतं, ऐकू येतं. समोर धर."

ती समोर धरायची. क्षणभर तिचं तोंड दिसायचं, कुठेतरी भलतीकडे बघणारं. मग म्हणायची, "मला तर काहीच दिसून नाही राहिलं. एवढ्याशा फोनमध्ये तू म्हणजे एक डाग आहेस." आणि परत कान. नेट मंद असलं की त्या कानाचे चौकोनी तुकडे व्हायचे, मोठ्या पडद्यावर ते आणखीच वाईट दिसायचं. मी तिला टोकणं सोडलं. पण मला ती दिसत होती, कान का होईना. तिला माझं काहीच दिसत नव्हतं, आणि हे मला सहन होईना.

मी भाच्याला विचारलं, "हॉलमधल्या टीव्हीवर नाही का दाखवता येत तिला?"

"दाखवतो मावशी, पण आई बसतच नाही तिथे. म्हणते, सगळे येत-जात असतात, मी काय पडद्याला नाक लावून बसू?"

ते मला समजलं. माझ्यासमोर तिला लाज नव्हती. सुनेसमोर, सुनेच्या मैत्रिणींसमोर मान वाकडी करून बसणं तिला जमणार नव्हतं. तिच्या स्वतःच्या खोलीत, तिच्या पलंगासमोरच पडदा हवा होता.

भाचा म्हणाला, "बघतो मी, घेऊ एखादा."

"घेऊ नको. हाच पाठवते."

"आणि तू?"

"मला डोळे आहेत."

अधारतालच्या सामान बांधणाऱ्यांना बोलावलं. त्यांनी टीव्ही भिंतीवरून उतरवला, फोममध्ये गुंडाळला, भोवती लाकडी चौकट ठोकली. तो मावळत्या दिशेला तोंड करून गाडीत उभा राहिला, आणि शेजारच्या दीदी फाटकापाशी येऊन म्हणाल्या, "अरे, बेच दिया क्या?"

"नहीं, जिसका था उसके पास भेज दिया."

भिंतीवर लोखंडी पट्टी तेवढी राहिली. तो पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. काच तडकली तर सगळंच वाया. पण भाच्याचा फोन आला, नीट पोचला, चालू झाला. मागून ताईचा आवाज, "तिला सांग, पाठवायची काही गरज नव्हती. आता ती काय भिंतीकडे बघत बसेल?" त्यात राग होता, पण तो जुन्या घरातला, ओळखीचा राग होता. मला बरं वाटलं.

आता दुपारी, मुलं शाळेत असली की, ताईची सून फोन लावून देते, टीव्हीला जोडते आणि आपल्या कामाला जाते. ताई खुर्चीत बसते, मान वाकडी करते आणि मी तिच्यासमोर भिंतभर असते. हे सगळं मला तिच्या बोलण्यावरून समजतं. कारण फोन तिच्या शेजारच्या टेबलावर उताणा ठेवलेला असतो. मला माझ्या हातातल्या छोट्या मोबाईलमध्ये पुण्याच्या खोलीचं छत दिसतं आणि एक पंखा, संथ फिरणारा.

पहिल्या वेळी मी सांगणार होते, सुनेला म्हणावं फोन जरा उभा कर. पण फोन उचलला, हलवला की कधीकधी जोडणी तुटते, आणि ताई लगेच घाबरते, "गेली, गेली." म्हणून काही म्हणत नाही.

"आज जेवली काय?"

"खिचडी."

"परत? एकटीसाठी करत नाही ना तू काही. डोळ्याखाली बघ किती काळं झालंय."

"उजेडामुळे वाटतं तसं."

"मला शिकवू नको. आता मला सगळं दिसून राहिलंय."

मग ती बराच वेळ काही बोलत नाही. पंखा फिरत असतो. मी तिच्या श्वासाचा आवाज ऐकत बसते. ती माझ्याकडे बघते आहे, माझ्या हनुवटीकडे, केसांकडे, हे ठाऊक असतं, म्हणून मीही हलत नाही.

"जरा हस ना," ताई म्हणते.

आणि मी त्या पंख्याकडे बघून हसते.