घेटुळीचे दोन पैसे

माझं अक्षर किरटं आहे आणि शाळा चौथीपुढे झाली नाही. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर सांभाळून घ्यावं.

सिरसाळ्यात आमच्या परसामागे एक मावशी राहायची. तिच्या मुरमाड जागेत कुसळही उगवत नसे. तिथे तिने घेटुळी लावली, वैद्य जिला पुनर्नवा म्हणतात ती. कोवळ्या पाल्याची भाजी करायची, जून पाला तिथेच अंथरायची. हातभर खोल जाणाऱ्या मुळांनी मुरूम भुसभुशीत झाला. सुजेवरच्या औषधाला मूळ काढलं की खड्ड्यात निजामाचा एक हाली पैसा टाकून ती म्हणायची, "घे गं बाई, तुझं तुला." वर्षानुवर्षं तीच जागा खणली, पण आधी टाकलेला एकही पैसा कधी वर आला नाही.

आईचे दोन्ही पाय सुजले, तिला मांडी घालता येईना. मी दोन मुळं खणली. पैसा एकाच खड्ड्यात टाकला, दुसरा मुठीत ठेवला. मावशी पाठमोरी होती.

आठ दिवस काढा दिला. उजव्या पायाची सूज उतरली, डावा तसाच. मी कोणाला सांगितलं नाही.

नवव्या दिवशी मावशीने कुंपणावरून विचारलं, "कावून गं, डावा राह्यला?"

"तुमाला कुणी सांगितलं?"

"ह्यो खड्डा बघ की. रोज बुजवते, सकाळी पुन्हा उघडा. लई हट्टी हाय."

मी घरातून पैसा आणून टाकला. पडल्याचा आवाजच आला नाही, खाली कोणी झेलावा तसा.

"फिटलं समदं," मावशी खड्ड्यात वाकून म्हणाली.

घरी आले, तर आई चुलीपुढे मांडी घालून बसली होती.