सागवानी दांडे आणि माझं साक्षगंध

आमच्या घरात आजवर सगळ्यात जास्त खल कशावर झाला असेल, तर तो जीपच्या दरवाज्यांखाली लावायच्या दोन दांड्यांवर. माझ्या लग्नावर त्याच्या निम्माही झाला नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची, आलापल्लीची. एका लिलावात मी जुनी जीप घेतली होती. तिच्यात किराणा भरून मी जंगलातल्या गावांचे आठवडी बाजार करायचो. रस्ता म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, आणि आजूबाजूला दगड नि तोडलेल्या झाडांचे खुंट. जीप जरा एका अंगाला घसरली की दरवाज्याखालचा पत्रा थेट खुंटावर! तीन महिन्यांत तो असा चेपला की डावा दरवाजा उघडेनासा झाला. आईला मागून चढून, तेलाचे डबे ओलांडत पुढच्या सीटवर यावं लागायचं. ("तुह्या गाडीत बसाले मले माकडाचा जन्म घ्या लागते," हे ती चढताना एकदा आणि उतरताना एकदा म्हणायची.)

आता त्या वाटांवर डांबर आलंय, आणि माझी आजची गाडी पट्टा लावला नाही तर शिट्टी वाजवते. पण तो खडखडाट, मिरचीच्या पोत्याचा तो खकाणा आणि मागून चढणाऱ्या आईची बडबड, यांची मला फार आठवण येते.

तर, दरवाज्याखाली एक आडवा, मजबूत दांडा हवा होता. दगड लागला तर दांड्याला लागेल, पत्रा वाचेल. आधी पाण्याचा पाइप लावला. पहिल्याच खुंटावर तो वाकून वर आला आणि उजवा दरवाजाही उघडेना! मग बल्लारपूरहून भंगारातलं लोखंडी चॅनेल आणलं. ते इतकं जड, की कोरड्या नाल्याच्या रेतीत जीप म्हशीसारखी बसली. बैलजोडी लावून ओढून काढावी लागली.

"भाऊ," बैलवाला जाता जाता म्हणाला, "बैलच ठेवा ना. डिझल नाई लागत."

त्या रात्री मला साक्षात्कार झाला. आलापल्लीत राहून मी बल्लारपूरला लोखंड शोधत फिरतोय! काखेत कळसा नि गावाला वळसा! आमचा पडका गोठा नुकताच उतरवला होता आणि त्याच्या सागवानी तुळया अंगणात पडून होत्या. सागवान वाकत नाही, सडत नाही, त्याला वाळवी लागत नाही. शिवाय लोखंडापेक्षा हलकं. मी दुसऱ्याच दिवशी दोन तुळया कापून घेतल्या.

बाबांची सगळी हयात आरामशिनीवर लाकडं चिरून घेण्यात गेली होती. लाकडाबद्दल त्यांना माहीत नाही अशी गोष्ट नव्हती. पण ते बोलायचे सावकाश आणि मी कायम घाईत.

"सागवान आहे थे," बाबा म्हणाले. "त्याले..."

"मजबूत असते, माहीत आहे मले!"

"तसं नाई. तू दूर कुठी नेशीन तं..."

"बाबा, तुमी रिटायर झाले ना? आराम करा!"

बाबांनी विडी पेटवली आणि वाक्य तसंच ठेवून दिलं.

मिस्त्रीला मी बजावलं, "असे पक्के बसवा, का मी मेल्यावरच निघाले पायजे." मिस्त्री आज्ञाधारक निघाला. त्याने आरपार बोल्ट घातले, नट कसले आणि वरून नटांवर वेल्डिंग मारली. दांडे झाले मात्र झकास! माझी हौस इतकी वाढली की रस्त्यात नसलेले खुंटही मी हुडकून ठोकायला लागलो.

याच सुमारास माझं लग्न जमलं. आधी तीन ठिकाणांहून "मुलगा जंगलात राहते" म्हणून नकार आला होता. वडशाजवळच्या गावातली वंदना ही चौथी. तिच्या घरी मी गडबडीत तिच्याच बाबांच्या चपला घालून निघालो होतो, तेव्हा ती आत जाऊन हसली नाही, माझ्यासमोरच हसली. मला ती फार आवडली होती. हे स्थळ गेलं असतं तर मी पाचवं पाहायला गेलोच नसतो.

साक्षगंध ठरलं. (बाकी महाराष्ट्र त्याला साखरपुडा म्हणतो.) मुहूर्त दुपारी बाराचा. पहाटे उठून मी जीप धुतली, दांड्यांना जवसाचं तेल चोळलं, आई-बाबांना बसवलं आणि निघालो.

वडशाच्या थोडं अलीकडे वनखात्याचा नाका लागला. नाकेदार चहा पीत उभा होता. गाडीत माल नाही, मागे म्हातारं जोडपं. त्याचा हात "जा" म्हणायला अर्धा वर गेलाही होता. तेवढ्यात तो खाली वाकला. तो दांडे निरखतोय असं मला वाटलं (तो चपलेचा पट्टा सरळ करत होता!) आणि माझी छाती फुगली.

"पाहून राह्यले ना, भाऊ? अस्सल सागवान! आलापल्लीचं! ठोकून पाहा ना!"

नाकेदाराने कप खाली ठेवला. "सागवान?"

"शंभर टक्के!"

"पास दाखवा."

"कायची पास?"

"लाकूड नेऊन राह्यले ना? वाहतुकीची पास लागते. अन् लाकडावर हातोड्याचा शिक्का. कुठी आहे?"

मी मागे वळून पाहिलं.

"मी थेच सांगून राह्यलो होतो," बाबा शांतपणे म्हणाले.

"अवो, गोठ्याचं लाकूड आहे घरच्या! आता हा गाडीचा पार्ट झाला!"

"मंग पार्ट काढून इथी ठेवा अन् गाडी न्या," नाकेदार म्हणाला. माणूस खरंच भला होता.

नवा सदरा घालून मी गाडीखाली शिरलो. पाना घसरला, हातोडी घसरली, शेवटी मीच घसरलो. अर्ध्या तासात एक नट हलला नाही. वरून आईचा आवाज आला, "तू मेल्यावर निघतीन म्हने ना? मंग आता कसं करतो?"

नाकेदाराचाही नाइलाज झाला. दांडे निघत नाहीत म्हणजे जीपच अडकली, आणि पंचनामा होईपर्यंत मीही. त्याने वाटेवरचे दोघे पंच म्हणून उभे केले आणि कागद लिहायला घेतला. अकरा वाजून गेले होते. बाबा एका वाटसरूच्या लुनावर मागे बसून वंदनाच्या गावी निरोप द्यायला गेले.

पाऊण तासाने ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत वंदनाकडचे तीस पाहुणे, आणि बाबा कोपऱ्यात अंग चोरून बसलेले. निरोप बाबांच्या तोंडून निघाला तेव्हा "दांड्याले पास नाई" असा होता. ट्रॉलीभर फिरून तो "नवरदेव सागवान चोरतांनी सापडला" असा झाला होता.

"जंगलातला पोरगा म्हनलं, तवाच मले शंका होती," वंदनाचा मामा खाली उतरत कडाडला. "चोराच्या घरी पोरगी द्याची नाई. ट्रॅक्टर फिरवा!"

वंदनाचे बाबा जमिनीकडे पाहत राहिले. ग्रीसने माखलेल्या सदऱ्याला पदर असता तर मी तोंड त्यातच लपवलं असतं!

तेवढ्यात वंदना जांभळं लुगडं सावरत ट्रॉलीतून उतरली आणि सरळ नाकेदारापुढे जाऊन उभी राहिली. "भाऊ, कागदात काय लिहिलं आहे, थे वाचा बरं सगळ्याईसमोर."

नाकेदाराने घसा साफ केला आणि वाचलं: "सदर इसमास कोणीही काहीही विचारले नसताना, सदर लाकूड अस्सल सागवान असल्याचे त्याने स्वतः होऊन सांगितले. तसेच ते ठोकून पाहण्याचा आग्रह धरला."

वंदना हसली. आधी पदराआड, मग पदर सोडून, मग पोट धरून.

"मामा," ती म्हणाली, "चोर असा असते का? ह्या माणसाले जन्मात काही लपोता येनार नाई. मले चालते!"

वंदनाच्या बाबांनी मान वर केली आणि ट्रॅक्टर बंद करायला सांगितला. बाराला पाच मिनिटं कमी होती. नाक्याच्या पडवीत नाकेदाराच्याच टेबलावर साक्षगंध उरकलं. दोन्ही पंचांनी आधी कागदावर सही केली आणि मग कपाळाला कुंकू लावून घेतलं. लाकूड आमच्याच गोठ्याचं असल्याचा सरपंचाचा दाखला आणल्यावर पंधरा दिवसांनी जीपही सुटली.

लोकांची लग्नं पत्रिका जुळवून होतात. माझं पंचनामा वाचून झालं.