नसलेल्या टर्बोची दुरुस्ती

माझी बायको हौसा जाऊन दहा महिने झाले. तेव्हापासून माझं काहीच चुकत नाही. चुकलं म्हणून सांगणारी राहिली नाही, एवढंच.

पोरं म्हणतात, "आण्णा, आईच्या आठवणी लिहा, मन मोकळं होईल." मी सातवी नापास माणूस. मोकळं करायला मला फक्त नटबोल्ट येतात. तरी ही एक गोष्ट लिहितो. ही हौसा सांगायची. ती सांगायला लागली की मी तंबाखू आणायला बाहेर जायचो. (तंबाखू खिशातच असायची.)

एका मालकाच्या मोटारीवर ड्रायव्हर होण्याआधी मी धरणाच्या कामावर होतो. तिथं परदेशी डंपर होते आणि त्यांच्या इंजिनाला टर्बो होता. म्हणजे काय, तर इंजिनाच्या धुराच्या जोरावर एक चाक गरगर फिरतं आणि ते इंजिनात जादा हवा कोंबतं. ते बिघडलं की बारीक शिट्टी वाजायची, आणि जसा वेग वाढेल तशी चढत जायची. एकदा ती शिट्टी सगळ्यांच्या आधी मी ओळखली. पंजाबी फोरमन म्हणाला, "कान है तेरा!" झालं! त्या तीन शब्दांनी माझं वाटोळं केलं. गावी आल्यावर पंप कुरकुरला की मी सांगायचो, टर्बो. पिठाची गिरणी घरघरली, टर्बो. शेजारणीच्या शिलाई मशीनलासुद्धा मी टर्बो सांगितला होता. लोक मान डोलवायचे. हौसा तेवढी म्हणायची, "आवं, तेल घाला की तिला!" आणि तेल घातलं की मशीन गप व्हायची.

एकाहत्तर साल. लढाई होणार अशी बोलणी चालू होती. हौसाचा धाकटा भाऊ बाळू फौजेत होता. दोन वर्षांनी रजेवर आलेला, सांगलीला विश्रामबागेत थोरल्या बहिणीकडं उतरला होता आणि दसरा झाला की आमच्याकडं येणार होता. त्यांची आई बाळू तीन वर्षांचा असताना गेलेली. त्याला हौसानंच कडेवर वागवून मोठा केला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला : रजा रद्द, तार आली, आज चारच्या गाडीनं मिरजेहून निघतोय.

हौसा तडक उठली. पायांत चपला घातल्या आणि दारात उभी राहिली.

"यष्टीनं जाऊ," ती म्हणाली.

"यष्टीनं?" मी म्हणालो. "मालकाची मोटार दारात उभी हाय! दसरा म्हणून दोन दिस वापर म्हणालेत. राणीवानी बस!"

मोटार सजलेली होती. खंडेनवमीला मी तिची पूजा केलेली, पुढच्या जाळीला उसाच्या शेंड्यांचे हिरवेगार वाढे आवळून बांधलेले, वर झेंडूची माळ. कराड सोडलं, मोकळा रस्ता लागला, मी वेग वाढवला आणि पुढून आवाज आला. सूं... ई... ई! वेग वाढवला की चढतोय, कमी केला की उतरतोय. माझ्या अंगावर काटा आला.

"टर्बो!" मी म्हणालो.

"ह्या गाडीला हाय का टर्बो?"

"तू गप. आवाज हाय म्हंजे टर्बो हाय."

मी गाडी थांबवून बॉनेट उघडलं. आवाज बंद! बॉनेट लावून निघालो, की सूं... ई! असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी हौसा खाली उतरली, गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आवं, वारं लागतंय तवाच वाजतंय. ह्या उसाच्या पानांचं आसंल. ल्हानपणी आमी बांधावर बसून आशाच पिपाण्या वाजवायचो. काढा बघू ती."

"डोकं फिरलं का तुझं? खंडेनवमीची पूजा हातानं सोडायची?" आमच्या घरात पूजेचं बांधलेलं वाळून आपोआप गळू देतात, माणसानं तोडायचं नाही. हे तिलाही माहीत होतं. तिनं पानांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बरं. मग इंजीन तोडा."

आणि मी ते तोडलं!

कुंडलला रसूल मिस्त्रीचं गॅरेज होतं, तिथं गाडी लावली. त्यानं बॉनेटमधे डोकं घातलं, बाहेर काढलं. "डायवरसायब, ह्या गाडीला टर्बो नसतोय."

"नीट बघ. आत कुठंतरी आसंल."

"आत म्हंजे कुठं?"

"ते सापडंपातूर खोलायचं!"

बिचारा खोलत गेला. पंख्याचा पट्टा निघाला, हवेचा फिल्टर निघाला, कार्बोरेटर निघाला. जमिनीवर पोतं पसरून सगळं मांडलं. पुढं वाकताना झेंडूच्या माळेला धक्का लागला, तर रसूलनं हात कपड्याला पुसले, माळ नीट सरळ केली आणि पुन्हा वाकला. पूजेला धक्का नको, हे त्यालाही पटलेलं. इंजिनाची मात्र दोघांनी मिळून चटणी केली.

"किती वाजले?" हौसानं विचारलं.

"एक. आत्ता हुतंय."

"किती वाजले?"

"दीड. तू सारखी इचारू नगंस, ध्यान जातंय!"

तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही. मी मान वर केली तर ती रस्त्याच्या मधोमध उभी, दोन्ही हात पसरून, आणि समोर सांगलीची यष्टी करकचून ब्रेक मारून थांबलेली! (माझी बायको नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायची, ती हीच.) ड्रायव्हर ओरडला, "मरायचंय का, बाई?"

"मरायचं न्हाई, मिरजंला जायचंय!" आणि दार उघडून चढली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

गाडी जोडेपर्यंत साडेचार झाले. तीन नट आणि एक स्प्रिंग उरली, ती रसूलनं कागदात बांधून दिली. "ठेवा, सायब. टर्बो सापडला तर लावाया हुतील." निघालो. शंभर पावलांवर, सूं... ई! टर्बो म्हणून सांगायला शेजारी वळलो, तर सीट रिकामी. बोलणार कुणाशी?

पुढं रेल्वेचं फाटक बंद होतं. शेजारी एक बैलगाडी येऊन थांबली. आगगाडी मिरजेकडून आली, धाडधाड निघाली, आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ही बाळूचीच गाडी. खिडक्यांत फौजी कपड्यांची पोरं दाटीवाटीनं बसलेली. मी उतरून एकेक तोंड बघत राहिलो. एकही ओळखता आलं नाही. हौसा पोचली का नाही, हे त्या गाडीत एका माणसाला माहीत होतं आणि तो माझ्या समोरून निघून गेला. जर ती पोचली नसेल आणि बाळूचं तिकडं काही बरंवाईट झालं, तर ह्या बाईला मी जन्मभर काय तोंड दाखवणार?

मागं वळलो तर बैलानं उसाचे सगळे वाढे खाऊन टाकलेले, वर झेंडूची माळ चघळत होता! गाडीवान घाबरला. "पावणं, म्या न्हाई, बैलानं..."

"खाऊ दे गड्या," मी म्हणालो. "माणसाचा हात न्हाई लागला."

फाटक उघडलं. वेग वाढवला. शिट्टी नाही. मिरजेपर्यंत नाही. वाजली असती तर बरं, असं मला वाटत होतं.

स्टेशनात हौसा बाकड्यावर एकटीच बसली होती. डोळे सुजलेले. माझ्या शर्टाला कोपरापर्यंत ऑइल. मी समोर उभा राहिलो, विचारायचा धीर होईना.

"भेटला," ती आपणच म्हणाली. "धा मिनटं भेटला."

मी तिच्या शेजारी बसलो.

"माझ्याविषयी इचारलं?"

"इचारलं. दाजी कुठं? म्हणलं, कुंडलला. गाडीत जे न्हाई ते दुरुस्त करत्यात."

"मग?"

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता रडणार. "म्हणाला, आक्का, दाजींना दुश्मनाच्या गॅरेजात लावून दे. आमी आठ दिसांत घरी येतो!"

मला राग यायला हवा होता. पण दिवसभर जीव मुठीत धरलेली ती बाई खदखदा हसत होती, डोळ्यांतनं पाणी गळत होतं, आणि भोवतीचे हमालसुद्धा बघून हसत होते. मी म्हणालो, "मग कवा निघू?" ती आणखीच हसली.

बाळू धडधाकट परत आला. हौसाच्या दहाव्याला तोच माझ्याजवळ बसून होता.

मी जोडलेल्या त्या गाडीला चार नवे आवाज लागलेत, असं दुसऱ्या दिवशी मालकानं मला सांगितलं. परतीच्या वाटेवर मला एकही ऐकू आला नव्हता. कराडपर्यंत हौसा हसत होती.