ताईचे ठोके आणि मोठेबाबांचं कपाट

आमच्या वरठीच्या घरात मोठ्यांच्या शहाणपणाचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, लोखंडावर गंज चढावा तसे आपोआप चढतात. मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला, म्हणून माझ्या मताला किंमत नाही. कान मात्र शाबूत आहेत!

*

ताईची छाती बसल्याजागी धडधडायला लागली, हात थरथरायला लागले. आईने आधी काय केलं? मोबाइल जप्त!

"कोण हाये तो?"

"आई, जिना चढली की जास्त धडधडते."

"मंग तो वर राहते का?"

*

डॉक्टरांनी समजावलं, "हिच्या शरीराचे पहारेकरीच गळ्यातल्या थायरॉइडवर उलटलेत. थायरॉइड बेफाम सुटलंय आणि भोगतंय हृदय. गोळ्या चुकवल्या तर ठोक्यांचा ताल बिघडेल, हार्ट फेल होऊ शकतं."

बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, हसले. "घरचेच कसे उलटतीन, डॉक्टरसाहेब?"

ताई म्हणाली, "मले समजलं, डॉक्टर."

*

शेजारच्या काकू भाळल्या. "काय बारीक झाली वं! कोणता डायट करून राहिली?"

"थायरॉइड."

"मलेबी लिहून दे!"

*

या आजारात डोळे बाहेर येतात. ताईचेही आले. मोठेबाबांची बायको, आमची मोठी आई, म्हणे, "मोठ्यांवर डोळे वटारू नको!"

*

मग स्थळ आलं. मोठेबाबांनी ताईच्या गोळ्या आपल्या कपाटात कोंडल्या. "पाहुण्यांच्या नजरेत पडल्या तर? जुळेपर्यंत दम काढ!"

मी भांडलो. "तिच्या हार्टचं काय?"

"आधी डिग्री आण, मंग बोल!"

पाहुणे आले. ताईच्या हातातला चहाचा ट्रे खडखड वाजत होता. मुलाचे वडील खूश. "लाजते पोरगी! संस्कार हायेत! बरं, घरात काही आजारबिजार?"

मोठेबाबांनी छाती फुगवली. "आमच्या खानदानात कोणाले काहीच नाही!"

तेवढ्यात ताई मटकन खाली बसली. घामाघूम, ओठ पांढरे. "मोठेबाबा, माह्या गोळ्या द्या."

"कोणत्या गोळ्या?"

(ताई दवाखान्यात वेळेत पोहोचली. आधीच सांगतो, म्हणजे हसायला मोकळे!)

मी गाडीसाठी मित्राला फोन लावला. तोवर मुलाच्या आईने ताईचं मनगट धरलं होतं. "ठोके चुकून राहिले. हिले आधी डॉक्टरकडे न्या." मग तिने पर्समधून गोळ्यांची एक पट्टी काढली. तीच! "हेच ना बाई? मलेबी हेच हाये."

"आई, तुलेबी?" मुलाने विचारलं.

त्याचे वडील ताडकन उठले. "आमच्याबी खानदानात कोणाले काहीच नाही!"