निजलेली जमीन

घोटीच्या वरच्या पठारावर उन्हाळ्यात मुंबईची माणसं हवा खायला येतात. बंगले झालेत, फिरायला तांबडा रस्ता आहे. पूर्वी इथे नुसतं रान होतं, असं सगळे सांगतात. ते प्रथम मी लिहिलं.

सन बत्तीसच्या थंडीत मी नाशकातल्या एका शेठजींकडे कारकून होतो. त्यांनी मला बंगल्यांसाठी जागा पाहायला वर पाठवलं. पंधरा दिवस एका कोळी म्हाताऱ्याच्या झोपडीत राहिलो. नागलीची गरम भाकरी मला मिळायची, शिळी तो खायचा. वैशाखातही न आटणारा झरा त्यानेच दाखवला.

उताराचा मोठा तुकडा मोकळा दिसला. विचारलं, तर म्हणाला, तीन सालं पिकं घेतली की जमीन थकते, मग तीन सालं तिला हात लावायचा नाही. "निजलीय ती, भाऊसाहेब. उठली का पुन्हा नागली." वहिवाट त्याच्या आज्यापासूनची होती, कागद मात्र नव्हता.

मी शेठजींना हे सांगितलं. ते म्हणाले, म्हाताऱ्याचा तुकडा आपण सोडू. तूर्त 'पडीक, वहिवाट नाही' एवढं लिहा, म्हणजे जमिनीसाठी सरकारकडे केलेला अर्ज अडणार नाही. माझ्या बढतीचं बोलणंही त्याच बैठकीत झालं. मी लिहिलं. मग वर जाऊन म्हाताऱ्याला शब्द दिला, तुमच्या उताराला कुणी हात लावणार नाही.

दोन वर्षांनी उताराला तारेचं कुंपण पडलं. मी शेठजींना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली. त्यांनी शांतपणे कागद पुढे सरकवला. "अक्षर तुमचंच ना?"

बढती मिळाली होती. बंगल्यांची देखरेख माझ्याकडे होती. त्यापुढच्या उन्हाळ्यात जमीन उठायची वेळ झाली आणि म्हातारा राब भाजायला, म्हणजे पेरणीआधी जमिनीवर फांद्या जाळायला, डोक्यावर भारा घेऊन आला. कुंपणापाशी त्याने भारा टाकला. तार हाताने चाचपली.

"तुमाला म्या सांगितलं हुतं ना, निजलीय म्हणून?"

"सांगितलं होतं."

 परत निघताना तो भारा उचलायला वाकला. तेवढा भारा एकट्याने डोक्यावर चढत नाही, दुसऱ्याचा हात लागतो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. कुंपणाच्या फाटकाची किल्ली माझ्या खिशात होती. मी जागचा हललो नाही. तो भारा ओढत उतरला.