चार नंबरची बाई

दिल्लीतल्या आमच्या मिडवाइफरी कॉलेजात विद्यार्थिनींची भांडणं सोडवायला एक निवृत्त सिस्टर बसायच्या. आपला चहा संपेपर्यंत त्या कुणालाही बोलू देत नसत. नंतर प्रत्येक वाक्याला फक्त 'अच्छा' म्हणायच्या.

एकदा मी आणि मुनिरक्यातल्या भाड्याच्या खोलीतली माझी रूममेट तणतणत गेलो. प्रसूती एकच होती आणि ती दोघींनाही आपापल्या केसबुकात, म्हणजे केलेल्या प्रसूतींच्या नोंदवहीत, हवी होती.

"बाळ मी झेललं," मी म्हणाले.

"सकाळपासून तिच्याजवळ मी होते," रूममेट म्हणाली.

"अच्छा. बाईचं नाव काय?"

दिवसभर आम्ही तिला खाटेच्या नंबरावरून चार नंबरच म्हणत होतो.

सिस्टरनी दोन्ही केसबुकं ठेवून घेतली. "विचारून या."

वॉर्डात ती बाळाला पाजत होती. आम्हाला बघून हसली आणि सासूला आम्हा दोघींची नावं सांगू लागली.